निकामी प्रोजेक्टरातील शाबूत दिवा

जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या नावाने जो शैक्षणिक कार्यक्रम राज्य शासनाने हाती घेतला, त्याच्या पहिल्या उत्साहाच्या भरात खेडोपाडीच्या जिल्हा परिषद शाळांनी लोकवर्गणी गोळा करून ज्या वस्तू विकत घेतल्या, त्यांत प्रोजेक्टर ही सर्वांत मानाची वस्तू होती. गावकऱ्यांनी सोयाबीनच्या आणि कपाशीच्या पैशांतून शे-दोनशे रुपये काढून दिले, भिंतीला पांढरा रंग दिला, खिडक्यांना जाड पडदे लावले आणि पृथ्वी सूर्याभोवती कशी फिरते हे मुलांनी प्रथमच चालत्या चित्रात पाहिले. या गोष्टीला आता दहा वर्षे होऊन गेली. त्या पेट्यांपैकी पुष्कळशा आज शाळेच्या लोखंडी कपाटात, गुंडाळलेल्या नकाशांच्या मागे पडून आहेत. त्यांची नोंद जडवस्तुसंग्रह नोंदवहीत कायम आहे, त्यांची किंमत रकान्यात शाबूत आहे, फक्त त्यांतून चित्र तेवढे उमटत नाही.

जालना-भोकरदन रस्त्यावर पूर्णेच्या काठी असलेल्या केदारखेड्यासारख्या गावात असा प्रोजेक्टर बंद पडला म्हणजे त्याचा निकाल सहसा एकाच वाक्यात लागतो : ‘त्याचा बल्ब गेला.’ हे निदान एके काळी बहुतांशी बरोबर असे. परंतु अलीकडच्या यंत्रांच्या बाबतीत ते पुष्कळदा साफ चुकीचे असते, आणि या चुकीपायी एक उत्तम, टिकाऊ आणि अजून निम्म्याहून अधिक आयुष्य बाकी असलेला दिवा भंगाराच्या भावाने जातो, हेच या लेखात सांगावयाचे आहे. प्रोजेक्टरच्या इतिहासात यंत्र आणि दिवा यांच्या आयुर्मानाचा जो क्रम शतकभर चालत आला होता, तो गेल्या पंधरा-वीस वर्षांत पुरता उलटला, आणि या उलटापालटीकडे अजून आपले लक्ष गेलेले नाही.

मूळचा क्रम काय होता हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १८९२ साली कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी आपल्या मुलांच्या साहाय्याने ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगविलेल्या चित्रांचे खेळ दाखविण्यास आरंभ केला. पुढे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखविण्यात आली, आणि त्यानंतरच्या काही दशकांत तंबू, रिळांच्या पेट्या व प्रोजेक्टर लॉरीत घालून गावोगावच्या जत्रांत हिंडणारे टूरिंग टॉकीज महाराष्ट्राच्या लोकजीवनाचा भाग झाले. शर्ली अब्राहम आणि अमित मधेसिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या २०१६ सालच्या माहितीपटात या फिरत्या चित्रपटगृहांचा मावळतीचा काळ टिपला आहे. जुन्या प्रोजेक्टरांची दुरुस्ती करण्यात हयात घालविलेला एक वृद्ध कारागीरही त्यात भेटतो. त्या प्रोजेक्टरचा देह ओतीव लोखंडाचा. तेलपाणी वेळेवर झाले आणि दातेरी चक्रे मधूनमधून बदलली, तर तो बापाकडून मुलाकडे जावा इतका चिवट असे. अल्पायुषी होता तो त्याचा प्रकाश.

हा प्रकाश कार्बनच्या दोन कांड्यांमधून निघे. धन कांडी आणि ऋण कांडी यांची टोके क्षणभर एकमेकींना टेकवून किंचित दूर केली की मधल्या फटीत विजेची कमान धरत असे. धन कांडीच्या टोकाशी एक खळगा पडे, त्याचे तापमान साडेतीन हजार अंश सेल्सिअसच्या वर जाई, आणि त्या खळग्यातून निघणारा शुभ्र प्रकाश अंतर्गोल आरशावर पडून फिल्मच्या चौकटीवर एकवटे. कांड्या जळत जात तसतशी फट वाढे. म्हणून ऑपरेटरला काळ्या काचेतून सारखी नजर ठेवून त्या पुढे सरकवाव्या लागत. त्याने क्षणभर दुर्लक्ष केले की पडद्यावरचा नायक पिवळा पडे आणि प्रेक्षागृहातून शिट्ट्यांचा मारा सुरू होई. हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपे. कांडीचा उरलेला तुकडा धारकात धरता येणार नाही इतका आखूड झाला तरी काटकसरी मालक तो फेकीत नसत. असे तुकडे शेवटपर्यंत जाळता यावेत म्हणून ‘कार्बन सेव्हर’ नावाचे उपकरण बाजारात मिळत असे. कांड्यांवरील तांब्याचा पातळ मुलामा वितळून दिव्याच्या पेटीच्या तळाशी त्याचे मणी साचत, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील चित्रपटगृहांनी हे मणीसुद्धा युद्धकार्यासाठी गोळा करून दिले. तेव्हा प्रोजेक्टरातील प्रकाशसाधनाचे अवशेष वापरण्याचा विचार काही आजचा नव्हे. फरक इतकाच की, त्या काळी जे उरे ते खरोखरच थोटूक असे.

कार्बननंतर झेनॉनचे दिवे आले. १९५० च्या दशकात जर्मनीत ते प्रचारात आले आणि कांड्या सरकविण्याची कटकट संपली, जरी थंड अवस्थेतही आत दाबाखाली वायू असल्यामुळे ते बदलताना तोंडावर जाळी बांधावी लागे. शाळा-कचेऱ्यांतील छोट्या प्रोजेक्टरांचे युग मात्र १९९५ मध्ये फिलिप्स कंपनीने आणलेल्या अतिउच्च दाबाच्या पाऱ्याच्या दिव्याने सुरू झाले. सुमारे एक मिलिमीटरच्या फटीत पेटणारी कमान, भोवती क्वार्ट्झचा बोराएवढा फुगा आणि चालू असताना आत वातावरणाच्या दोनशेपटीच्या घरातला दाब, असे हे प्रकरण होते. दोन-चार हजार तासांत त्याचे तेज निम्म्यावर येई, यंत्र तांबडा दिवा लावून तगादा करी, आणि नव्या दिव्याची किंमत ऐकून मुख्याध्यापक यंत्रच कपाटात ठेवीत. ‘बल्ब गेला’ हे निदान रूढ झाले ते या पिढीमुळे.

यानंतर आला तो एलईडी. तांबडा प्रकाश देणारा पहिला उपयुक्त एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये अमेरिकेत सिद्ध केला. तेजस्वी निळ्यासाठी आणखी तीस वर्षे थांबावे लागले. जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी तो १९९३ च्या सुमारास बाजारात आणण्याजोगा केला, आणि या निळ्या प्रकाशाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळा मिळाला म्हणजे पांढरा मिळाला, कारण निळ्या एलईडीवर पिवळा प्रकाश देणाऱ्या स्फुरक द्रव्याचा थर दिला की दोहोंच्या मिश्रणातून डोळ्यांना पांढरा प्रकाश दिसतो. प्रोजेक्टरात बसविलेल्या एलईडीचे आयुष्य वीस-तीस हजार तास सांगतात. शाळेत रोज दोन तास आणि वर्षातून दोनशे दिवस यंत्र चालले, तर वीस हजार तास संपण्यास पन्नास वर्षे लागतील! इतक्या काळात पंख्याचे बेअरिंग झिजते, वीजपुरवठ्याच्या पाटीवरील कपॅसिटर फुगतात, चित्र घडविणाऱ्या चिपवर पांढरे ठिपके उमटतात, स्वस्त यंत्रांत काचपटलापुढील ध्रुवणपट्टी उष्णतेने करपून पिवळी होते. थोडक्यात, यंत्राला मरण्याची सतरा कारणे आहेत, आणि दिवा हे त्यांतले शेवटचे.

शिवाय एलईडीचे ‘आयुष्य संपले’ याचा अर्थही वेगळा आहे. मूळ तेजाच्या सत्तर टक्क्यांवर उतरला की त्याचे आयुष्य भरले असे मानण्याची पद्धत आहे. वर्गात शंभर इंचांच्या पडद्यावर चित्र दाखवावयाचे असेल तर ही तूट जाणवेल. गोठ्यात धार काढताना ती कोणाच्या गावीही नसेल. नोकरीतून नियत वयोमानाने निवृत्त झालेला धडधाकट माणूस शेतीकडे पाहू लागतो, तसा या दिव्यांचा प्रकार आहे.

असा एखादा निकामी एलईडी प्रोजेक्टर उघडून पाहिला तर आत काय दिसते? चार-सहा स्क्रू काढून वरचे झाकण उचलले की प्रथम धूळ दिसते; पंख्याच्या पात्यांवर आणि हवेच्या जाळीवर ती वाकळीसारखी बसलेली असते, आणि मराठवाड्यात ती काळ्या मातीची व कपाशीच्या तंतूंची असते. तिच्याखाली दोन प्रकारांपैकी एक रचना सापडते. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या यंत्रांत पाठीमागे पंख असलेल्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर एकच पिवळसर चौकोनी टिकली असते. तिच्यात अनेक सूक्ष्म एलईडी एकत्र बसविलेले असतात. तिला बाजारात ‘सीओबी’ म्हणतात आणि ती थेट पांढरा प्रकाश देते. चांगल्या प्रतीच्या यंत्रांत मात्र तांबडा, हिरवा व निळा असे तीन स्वतंत्र एलईडी तीन बाजूंना असतात. प्रत्येकाच्या पाठीशी तांब्याची उष्णतावाहक नळी असते, आणि मध्ये रंग निवडून परावर्तित करणारे आरसे तिरपे उभे असतात. नखाएवढ्या त्या टिकलीच्या कडेने केसाहून बारीक सोन्याच्या तारा रांगेने टाकलेल्या भिंगातून दिसतात. त्या तारांना बोट लागले की काम संपले.

उघडण्यापूर्वी एक खबरदारी अपरिहार्य आहे. यंत्राची पिन काढली म्हणजे वीज गेली असे समजू नये. वीजपुरवठ्याच्या पाटीवरील मोठा कपॅसिटर साडेतीनशे-चारशे व्होल्टचा भार काही काळ धरून ठेवतो आणि गाफील हाताला जबर झटका देतो. गावात मोटारी भरणारा किंवा मोबाइल दुरुस्त करणारा जो जाणकार असेल, त्याच्याच हातून हे काम करून घ्यावे. मल्टिमीटर डायोडवर ठेवून तारा टेकविल्या की सुटा एलईडी मंद उजळतो, आणि मरण पावला असेल तर तेही तिथेच कळते. अनेक एलईडींच्या सीओबीला मल्टिमीटरची वीज अपुरी पडते, तिला मर्यादित प्रवाहाच्या पुरवठ्यावर तपासावे लागते.

आता वापराचे. एलईडी सरळ बॅटरीला जोडण्याचा मोह पुष्कळांना होतो आणि पुष्कळ दिवे त्या मोहापायी जळतात, कारण या दिव्याला विजेचा दाब मोजून देऊन भागत नाही, प्रवाह मोजून द्यावा लागतो. निळ्या किंवा हिरव्या एलईडीला तीन-साडेतीन व्होल्ट आणि तांबड्याला दोनच्या आसपास लागतात. पण त्यावर दाब किंचित वाढला तरी प्रवाह भरमसाट वाढतो, टिकली तापते, तापली की आणखी प्रवाह ओढते, आणि हा प्रकार क्षणार्धात हाताबाहेर जातो. यासाठी ‘कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर’ नावाची छोटी पाटी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अल्प किमतीत मिळते. ती मध्ये असलीच पाहिजे. दुसरी गोष्ट उष्णतेची. प्रोजेक्टरात पंखा असतो म्हणून टिकलीला भरमसाट वीज देता येते. पंख्यावाचून वापरावयाची झाल्यास मूळ क्षमतेच्या तृतीयांशाहून अधिक वीज देऊ नये, जुना ॲल्युमिनियमचा ठोकळा तसाच पाठीशी ठेवावा, आणि टिकली काढली असल्यास पुन्हा बसविताना खाली थर्मल पेस्टचा पातळ थर द्यावा. कमी विजेत एलईडी अधिक कार्यक्षमतेने चालतो, म्हणून तिसरा हिस्सा वीज देऊन प्रकाश तिसऱ्या हिश्श्याहून बराच जास्त मिळतो. पन्नास वॉटची सीओबी पंधरा वॉटवर चालविली तर गोठा, खळे किंवा विहिरीवरील मोटारीची पेटी यांना तो उजेड पुरून उरतो. शेतीपंपाची वीज पाळीपाळीने रात्री येणाऱ्या या मुलखात, बारा व्होल्टची बॅटरी आणि छपरावरचे एक लहानसे सौर पटल यांवर चालणाऱ्या अशा दिव्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

तीन रंगांचे सुटे एलईडी मिळाले तर त्यांचा पांढरा दिवा करण्याच्या भरीस पडू नये, असे माझे मत आहे. तिघांचा मेळ साधणे कटकटीचे असते, आणि साधला तरी प्रत्येक वस्तूला कडेने तीन रंगांच्या सावल्या पडतात. शिवाय काही बनावटींत एलईडीची तांब्याची पाठ विजेच्या धन टोकाशीच जोडलेली असते. असे तीन दिवे एकाच धातूच्या पत्र्यावर ठोकून एकामागे एक जोडले की शॉर्ट झालाच म्हणून समजा. तांबड्या व निळ्या प्रकाशात मिरचीची रोपे वाढविण्याचे प्रयोगही लोक सुचवितात. वनस्पतीला ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा गडद तांबडा अधिक मानवतो आणि प्रोजेक्टरातला तांबडा बहुधा ६२० च्या जवळचा, नारिंगीकडे झुकणारा असतो, हे एक. आणि जालना जिल्ह्यात सूर्याची टंचाई अद्याप कोणी नोंदविलेली नाही, हे दुसरे. विज्ञान प्रदर्शनापुरते ते ठीक आहे.

निळ्या एलईडीचा मात्र एक उपयोग या भागाला खरोखर लागू पडणारा आहे, आणि तो म्हणजे प्रकाश सापळा. वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात, संध्याकाळी कडुनिंबावर व बाभळीवर जमतात, आणि पुढे त्यांच्या अळ्या सोयाबीन, ऊस, आले यांच्या मुळ्या कुरतडतात. या भुंगेऱ्यांच्या व पतंगांच्या बंदोबस्तासाठी कृषी विद्यापीठे प्रकाश सापळ्याची शिफारस करीत आली आहेत. कीटकांची दृष्टी अतिनील व निळ्या प्रकाशाकडे अधिक ओढ घेते. अतिनील दिवा सर्वांत सरस हे खरे, परंतु पिवळ्या बल्बपेक्षा निळा कितीतरी उजवा. झाडाजवळ बांबूच्या तिकाटण्यावर निळा एलईडी टांगावा, खाली पसरट घमेल्यात पाणी व त्यावर थोडे रॉकेल घालावे, आणि अंधार पडल्यापासून दोन-तीन तासांपुरताच तो चालू ठेवावा. रात्रभर ठेवला तर उपकारक कीटकही त्यात बळी पडतात. दिव्याकडे मुलांनी टक लावून पाहू नये एवढी दक्षता घ्यावी, आणि त्यासाठी त्यावर पत्र्याची टोपी घालावी.

येथवर जे सांगितले ते एलईडीविषयी. याच पेट्यांच्या एका जातीत लेसर असतो, आणि त्याविषयी नेमके उलट सांगावे लागते. २०१० साली कॅसिओ कंपनीने पाऱ्याचा दिवा वगळून निळा लेसर व तांबडा एलईडी यांच्या संयोगावर चालणारे प्रोजेक्टर आणले. त्यांतील काहींत ४४५ नॅनोमीटरचे चोवीस लेसर डायोड ओळीने बसविलेले होते आणि प्रत्येकाची शक्ती सुमारे एक वॉट होती. पेटीत असताना हा लेसर स्फुरक चक्रावर पडून विखुरतो, म्हणून निरुपद्रवी. परदेशातील हौशी मंडळींनी थोड्याच महिन्यांत हे डायोड उपटून हातात धरण्याचे लेसर बनविले, आणि एका कंपनीने तर तशी वस्तू विक्रीसच काढली. एक वॉटचा लेसर काडी पेटवितो. डोळ्यात गेला तर पापणी मिटण्याच्या आत दृष्टिपटल जाळतो, आणि ती इजा भरून येत नाही. हे भय पुस्तकी नव्हे. २०२३ च्या गणेश विसर्जनानंतर नाशिकच्या नेत्रतज्ज्ञांकडे मिरवणुकीतील लेसर झोतांमुळे दृष्टिपटलाला इजा झालेले तरुण आले, आणि पुढच्या वर्षी पुण्यात पोलिसांनी मिरवणुकीतील अशा झोतांवर बंदी घातली. तेव्हा पेटीवर लेसरचा त्रिकोणी पिवळा इशारा दिसला की झाकण उघडूच नये. एखाद्या मंडळाच्या कार्यकर्त्याने तो डायोड मागितला तर त्याला स्वच्छ नकार द्यावा.

पाऱ्याच्या दिव्याचेही तेच. त्याला पेटविण्यासाठी काही हजार व्होल्टचा धक्का लागतो, तो अतिनील किरण फेकतो, फुटला तर पाऱ्याची वाफ वर्गात पसरते. त्याचा पुनर्वापर म्हणून काही संभवत नाही. तो खोक्यात कापडात गुंडाळून ठेवावा आणि नोंदणीकृत पुनश्चक्रण करणाऱ्याकडेच पोचता करावा. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांचा रोखही हाच आहे. जालन्याच्या भट्ट्या देशभरातील लोखंडी भंगार वितळवून सळया काढतात, टूरिंग टॉकीजचे कित्येक जुने प्रोजेक्टर तिथेच गेले असतील तर नवल नाही. पण लोखंड वितळविण्याची विद्या पाऱ्याला आणि एलईडीला लागू पडत नाही.

राहता राहिला प्रश्न दप्तराचा, आणि शाळेच्या बाबतीत तोच सर्वांत बिकट. प्रोजेक्टर नोंदवहीत असेतोवर तो शासकीय मालमत्ता असतो. त्यातला एक स्क्रूही मुख्याध्यापकाला आपल्या अखत्यारीत काढता येत नाही, आणि निर्लेखनाचा प्रस्ताव, ठराव, किंमत, मंजुरी या फेऱ्यांत पडण्यापेक्षा वस्तू कपाटात असू द्यावी असे शिक्षकाला वाटले तर त्याला दोष देता येणार नाही. तथापि प्रस्ताव तर कधी ना कधी करावाच लागतो. तो करताना शाळा व्यवस्थापन समितीने ‘प्रोजेक्टर, नग एक, नादुरुस्त’ एवढ्यावर न थांबता त्यातील प्रकाशसाधन एलईडी आहे, लेसर आहे की पाऱ्याचा दिवा, हे पाठीमागच्या पट्टीवरून वाचून स्वतंत्र ओळीत लिहावे. एलईडी असेल तर तो विज्ञानाच्या साहित्यात जमा करून घेण्याची परवानगी त्याच ठरावात मागावी, आणि उरलेल्या दोहोंच्या बाबतीत ते कोणाच्या ताब्यात दिले त्याची पोच नोंदवहीला जोडावी. भोकरदन तालुक्यातील ज्या मुख्याध्यापकांच्या कपाटात अशी पेटी असेल, त्यांनी येत्या वर्षअखेरीच्या साठा पडताळणीत एवढी एक ओळ जरूर लिहावी, ही विनंती आहे.